काटा डाव्या हातात

खमरियाच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी दुपारी एक वाजता पडदे ओढून मेणबत्ती लावली जायची. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, मैदानात क्रिकेटचा आरडाओरडा. आणि आमच्या बाहेरच्या खोलीत पांढरी चादर घातलेल्या टेबलाशी माझी आई मांडीवर रुमाल पसरून सूप यायची वाट बघत बसलेली. बाबा स्वयंपाकघरातून यायचे ते पांढरा कोट घालून, पितळी बटणं गळ्यापर्यंत लावून. तिच्या डाव्या बाजूनं किंचित वाकायचे आणि खर्जातल्या आवाजात म्हणायचे,

"मेमसाब, सूप."

"अहो, पोरगी बघून राहिली," आई पुटपुटायची.

"मेसमध्ये पोरं नसतात," बाबा तितक्याच गंभीरपणे सांगायचे आणि मी, म्हणजे ती नसलेली पोरगी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायचे. मी पुढे शाळेत शिक्षिका झाले, पोरांची नाटकं बसवली, पण इतकं चांगलं नेपथ्य मला कधी जमलं नाही.

बाबा कारखान्याच्या साहेबांच्या मेसमध्ये वाढपी होते. विशीत लागले, पुढे स्वयंपाकही शिकले, आणि शेवटी मेसचं सगळं जेवणखाण त्यांच्याच हाताखाली चालायचं. शनिवारी संध्याकाळी साहेबलोकांची मोठी पंगत असे. पंगत हा माझा शब्द, बाबांना तो कधीच आवडला नाही. सूप, कटलेट, रोस्ट, पुडिंग, कॉफी, अशी एकामागून एक ताटं. शनिवारी साहेबांचं झालं की रविवारी दुपारी आईचं, असा त्यांचा नेम होता. आई लग्न होऊन आली ती नागपूरजवळच्या एका खेड्यातून, जमिनीवर पाट मांडून सगळ्यांच्या शेवटी जेवणारी. तिला खुर्चीवर बसवून, सगळ्यांच्या आधी, काट्या-सुरीनं जेवू घालायचं हे बाबांच्या डोक्यात कुठून आलं, ते मी त्यांना पुष्कळदा विचारलं. प्रत्येक वेळी त्यांनी वेगळं कारण सांगितलं. त्यामुळे एकही खरं नसावं, किंवा सगळीच असावीत.

हे जेवण दोघांचंच का, याचं कारण मात्र पक्कं आहे. मेसमध्ये नवी भांडी आली तेव्हा जुन्या प्लेटा कंडम म्हणून काढल्या. पांढऱ्या, काठाला बारीक निळी रेघ, कुठे कुठे सोनेरी मुलामा उरलेला. बाबांनी त्यांतला एक अख्खा संच मागून घेतला, पोत्यात गवत भरून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि निघाले. वाटेत उतारावर समोर म्हैस आली. म्हशीला काही झालं नाही. घरी येऊन पोतं उघडलं तेव्हा मोठ्या प्लेटा दोन, पुडिंगच्या बश्या दोन आणि सूपचे दोन कानांचे कप दोन, एवढंच शाबूत निघालं. आई हसू दाबत म्हणाली, "चला, म्हशीनं माणसं मोजून दिली." मी घरातली तिसरी होते. मला म्हशीनं मोजलं नव्हतं. त्या प्लेटांना हात लावायची मला बंदी होती, आणि ती बंदी मी मोठी झाल्यावरही उठली नाही. मोडतोडीची भीती अशी वंशपरंपरेनं माझ्याकडे आली.

बाबांच्या वहीतल्या कृती सगळ्या साठ माणसांच्या होत्या. साठाचं दोनावर आणायला ते शनिवारी दुपारीच पेन्सिल घेऊन बसत. बटाटे, गाजरं भागली जात. कस्टर्डला मात्र भागाकार अडला. साठ जणांना चाळीस अंडी, म्हणजे दोघांना एक अंडं आणि वर एक तृतीयांश. बाबा खरोखर एक अंडं वाटीत फेटून त्याचे चमच्यानं तीन भाग करायला लागले. आईनं ते पाहिलं.

"काय करून राहिले तुम्ही?"

"हिशेब आहे."

"अंड्याला काहून घाबरता? दोन फोडा."

तेव्हापासून आमच्याकडे दीड कप दुधाला दोन अंडी पडतात. तीन चमचे साखर दुधात, दोन चमचे डब्यात जाळायची. रंग कडक चहासारखा झाला की डबा फिरवून ती बुडाला पसरवायची. दूध कोमट हवं, अंडी ढवळायची, फेस येऊ द्यायचा नाही, मिश्रण गाळून घ्यायचं आणि शिट्टी न लावता कुकरमध्ये मंद आचेवर पंचवीस मिनिटं. मेसचं कस्टर्ड बशीत थरथरायचं. आमचं बशीत पडलं की ताठ उभं राहायचं. "हे कस्टर्ड नाही, हवालदार आहे," असं बाबा म्हणायचे, पण बदलत नसत.

टेबलाचे नियम तीन होते. वाढायचं डाव्या बाजूनं, उचलायचं उजव्या बाजूनं. जेवण संपलं की काटा आणि सुरी एकमेकांना चिकटवून प्लेटमध्ये सरळ ठेवायची, घड्याळात साडेसहा वाजल्यासारखी. त्याशिवाय वाढपी प्लेटला हात लावत नाही. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा: सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात.

पहिले दोन आईनं आठवड्याभरात शिकून घेतले. तिसरा तिनं चाळीस वर्षं पाळला नाही. ती सुरीनं कटलेटचा तुकडा करायची, सुरी खाली ठेवायची, काटा डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायची आणि मगच घास तोंडात घालायची. पुढचा तुकडा करायचा तर पुन्हा सगळी अदलाबदल. एक कटलेट संपायला पाव तास. बाबा मागे उभे राहून तळमळायचे.

"मेमसाब, काटा डाव्या हातातच राहतो."

"राहू दे त्याला. माझ्या तोंडात डाव्या हातानं घास जाणार नाही."

"साहेबलोकांचा जातो."

"त्यांचा तो हात कशाचा आहे मला माहीत नाही. माझा कशाचा आहे ते मला सांगायला लावू नका."

यावर बाबा हार मानायचे. आणखी एका गोष्टीत हार मानायची पाळी आईची असे. टेबलावर बाबा दोन माणसांचं मांडायचे. दोन काटे, दोन सुऱ्या, समोरासमोर दोन खुर्च्या. पण ते स्वतः कधी बसले नाहीत. आई म्हणायची, "बसा ना आता." ते म्हणायचे, "बसतो, बसतो," आणि आत जायचे. स्वतःचं कटलेट ते ओट्याशी उभ्यानं, हातानं, तीन घासांत खायचे, एक कान बाहेर ठेवून. "बसलो तर वाढेल कोण?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर घेतलं, टेबल बदललं. समोरची खुर्ची तशीच रिकामी राहिली. चाळीस वर्षांवर काळ असा गेला. एक माणूस जेवतंय आणि एक माणूस उभं आहे, आणि त्या दोघांनाही ते मेजवानीसारखं वाटतंय. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, तरी रविवारी एक वाजता काही ना काही निमित्त काढून उंबऱ्यावर येऊन उभी राहायचे. आता गुडघे दुखतात म्हणून उभी.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी आई मेथी निवडत होती. जुडी तिच्या हातातून सुटली. तिनं ती उचलायला हात पुढे केला, तो पुढे गेलाच नाही. बाबा म्हणाले, ती हाताकडे असं बघून राहिली होती, जसं दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर विसरून गेला आहे. लकवा उजव्या अंगाचा. दवाखान्यात तीन आठवडे गेले. पाय थोडा परत आला, बोलणं जवळजवळ सगळं परत आलं, जीभ तर आधीपेक्षा धारदार होऊन आली. उजवा हात आला नाही.

आणि आईनं जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे रुसून नव्हे. पाणी, चहा, ताक, पातळ पेज, हे सगळं ती घ्यायची. पेला डाव्या हातात धरायला तिची हरकत नव्हती. जेवताना उजवा हात उष्टा असतो, तेव्हा पाण्याचा पेला आपण सगळेच डाव्या हातानं उचलतो. ते तिच्या नियमात बसत होतं. घास बसत नव्हता. मी वरणभात कालवून ताट पुढे ठेवलं, चमचा तिच्या डाव्या हातात दिला. तिनं चमचा ताटाच्या कडेला ठेवून दिला.

"आई, हात हातच आहे ना. धुतलेला आहे. मी स्वतः साबणानं धुतला."

"धुतला ना? मग ठेव तसाच."

मी आरडाओरडा केला. हसवून पाहिलं. मी शाळेत पोरांना भाषणं देते, ती सगळी तिला दिली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताक मागितलं. जानेवारी लागेपर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. एका सोमवारी त्यांनी वजन पाहिलं, मला बाजूला घेतलं.

"दीदी, माताजी निगल सकती हैं। खाती क्यों नहीं?"

गिळता येतंय तर खात का नाहीत, याचं मी काय सांगणार? म्हटलं, मन नाही होत. ते म्हणाले, ताकावर माणूस टिकत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा बघू, तोपर्यंत खायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. हे सगळं ते हळू बोलले. पण आईचे कान शाबूत होते. रिक्षात ती म्हणाली, "नळी नको." एवढंच म्हणाली. 

मला वाटलं, मी नाटकवाली आहे, मी हे करीन. गुरुवारी शाळेतून लवकर सुटून मी त्यांच्या घरी गेले, पडदे ओढले, चादर घातली, मेणबत्ती लावली. प्लेटांना हात लावायची हिंमत नव्हती म्हणून स्टीलचं ताट मांडलं. बटाटे, गाजरं घालून मऊ स्ट्यू केला होता. आईला धरून खुर्चीत बसवलं. समोरची रिकामी खुर्ची ओढून तिच्या बाजूला घेतली, तिच्यात बसले, चमचा भरला आणि तिच्या ओठांशी नेला.

"मेमसाब," मी बाबांच्या आवाजात म्हटलं, "स्ट्यू."

ओठ मिटले ते मिटलेच. स्ट्यू हनुवटीवरून मांडीवरच्या रुमालावर आला. मी दुसरा चमचा भरला. तिनं मान फिरवली.

"मी भरवते ना गं आई. यात काय लाज?"

"तुझ्या आजीला मी सहा वर्षं भरवलं," आई म्हणाली. "घास भरवणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे."

"काय असतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मेणबत्ती तिच्या डोळ्यांत दिसत होती.

"लवकर गिळा, असं."

मी चमचा ताटात ठेवला. पुढे आमच्याकडे येऊन अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या खाटेशी वाटी घेऊन बसलेली आई मला आठवते. चांगली सून म्हणून सगळ्या वसाहतीत तिचं नाव होतं. तिनं एकदाही आवाज चढवला नव्हता. आणि सहा वर्षं मनात हे.

बाबा इतका वेळ त्याच खोलीत तिच्या रिकाम्या पलंगाशी स्टुलावर बसून होते. आई आजारी पडल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या पायाशी बसायचे, पाय दाबायचे. मी भांडी घासायला आत गेले तेव्हा ते मागोमाग आले आणि नळाखालचा चमचा बोटानं दाखवून म्हणाले,

"तू चमचा दिला तिला."

"मग काय द्यायचं?"

"चमचा उजव्याचा. मेसमध्येसुद्धा उजव्याचाच. डाव्याचा काटा असतो."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी ओला हात तसाच कपाळावर मारून घेतला. सगळ्या जगात एकच टेबल होतं जिथं माझ्या आईला डाव्या हातानं जेवण्याचा हक्क होता, आणि ते आमच्या घरात होतं. मी त्याच टेबलाशी तिला बसवलं होतं आणि काट्याऐवजी चमचा काढला होता.

"पण बाबा, ती धरणार नाही. चाळीस वर्षं नाही धरला तिनं डाव्या हातात."

"तेव्हा उजवा होता," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मला बाजारात पाठवलं. शहपुऱ्याच्या शेतांतला मटार आण, कोवळा, शेंग दाबली की फुटेल असा. मग बटाटे चार, गाजर एक, आलं, हिरवी मिरची, अंडी, टोस्टचं पाकीट. मी आणून दिलं आणि मला स्वयंपाकघराबाहेर काढण्यात आलं. उंबऱ्यावरून दिसलं तेवढं सांगते. बटाटे उकडून ते गरम असतानाच मोडले, गाठ राहू नये म्हणून. किसलेलं गाजर आणि मूठभर मटार तव्यावर कोरडे परतले, कटलेटमध्ये पाणी सुटू नये म्हणून. मीठ, मिरपूड, आलं, मिरची. हाताला थोडं तेल लावून बदामाच्या आकाराची चार कटलेटं थापली, फेटलेल्या अंड्यात बुडवली, टोस्टच्या चुऱ्यात घोळवली. बाबांचे हात आता थरथरतात. चुरा ओट्यावर सांडत होता. तरी प्रत्येक कटलेटवर सुरीच्या पाठीनं तिरप्या रेघा उठल्याच. थोडा मटार त्यांनी लोण्यात परतून बाजूला ठेवला. कस्टर्ड सकाळीच होऊन पातेल्यातल्या गार पाण्यात बसलं होतं.

कोट मी इस्त्री करून दिला. तो आता त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतो. एक पितळी बटण कधीतरी हरवलं. तिथं आईनं शर्टाचं पांढरं बटण लावलं होतं, उजव्या हाताच्या दिवसांत.

एक वाजता पडदे ओढले गेले. आई खुर्चीत बसली, म्हणजे आम्ही बसवली. तिचा उजवा हात बाबांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर रुमाल पसरला. आधी सूप आलं, दोन कानांच्या कपात. तिनं एक कान डाव्या हातात धरला आणि हळूहळू सगळं प्यायली. इथवर काही अडचण नव्हतीच.

मग निळ्या रेघेची प्लेट आली. "मेमसाब, कटलेट."

आईनं टेबलावर नजर फिरवली. "सुरी कुठाय?"

"कटलेटला सुरी लागत नाही."

"इतकी वर्षं तर लागत होती."

"मेसमध्ये आता बंद झाली," बाबा म्हणाले. मेसमधून बाहेर पडून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. आईनं भुवई उचलली; एकच, दुसरी अजून उचलत नाही. काट्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

बाबांनी दुसरी प्लेट आणली आणि समोरच्या जागेवर ठेवली. मग खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. मला वाटलं, दम लागला. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि ते बसले.

मी उंबऱ्यावर होते.  पडदा पडता पडता पुन्हा वर गेला तर कसं वाटेल, तसं वाटलं.

"हे काय?" आई म्हणाली.

"जेवतो."

"कोट घालून?"

"मग काय बनियनवर जेवू? मेसमध्ये?"

त्यांनी डाव्या हातात काटा उचलला. आणि तेव्हा, त्याच क्षणी, आम्हा तिघांनाही एकदम कळलं की या माणसानं आयुष्यात कधी काट्यानं खाल्लेलं नाही. हजारो माणसांच्या पुढे काटे मांडले, पुसले, मोजून ठेवले, कुणी कसा धरतो यावरून साहेब कुठल्या घरचा ते ओळखलं. स्वतः ओट्याशी हातानं जेवले. त्यांनी काटा कटलेटमध्ये खुपसला. कटलेट फिरून प्लेटच्या काठावर गेलं. मटाराचे चार दाणे उडाले, एक मेणबत्तीच्या बुंध्याशी जाऊन थांबला. त्यांनी पुन्हा खुपसला. तुकडा निघाला, वर आला, ओठांपासून चार बोटांवर सुटला आणि पांढऱ्या कोटावर पडला.

मी नाटकं बसवते. खोटं पडणं मला ओळखता येतं. हे खोटं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते.

"असा नाही," आई म्हणाली.

बाबांनी पकड बदलली.

"पालथा धरा. पालथा. अहो, ती काय पेन्सिल आहे का?"

"असा?"

"बोट वरून. मागून, हां, मागून दाबायचं. काहून एवढं घट्ट धरून राहिले? पळून जातो का तो?"

त्यांनी दाबलं. मटार पुन्हा पळाले. आता काटा प्लेटवर वाजायला लागला. टिक टिक टिक, असा. मी पुढे व्हायला निघाले. आईचा डावा हात टेबलावर आला.

"थांबा. हे बघा."

तिनं काटा उचलला. पालथा, बोट पाठीवर, अगदी चाळीस वर्षं कानात ओतलेल्या नियमाप्रमाणे. काट्याच्या कडेनं कटलेटचा तुकडा मोडला. तुकड्यावर दोन मटार दाबले, तो काट्यावर घेतला आणि बाबांना दिसेल असा वर धरला.

"बटाट्यात दाबायचा मटार. मग पळत नाही. दिसलं?"

"दिसलं," बाबा म्हणाले. आणि त्यांनी आपल्या प्लेटमध्ये बघायला सुरुवात केली, जणू तिथं फार मोठं काम पडलं आहे. मी मेणबत्तीकडे बघायला लागले. मेणबत्तीकडे बघत मी एक ते दहा मोजले. तो घास हवेत होता.

दहाच्या पुढे काही मी मोजलं नाही. चावण्याचा आवाज आला.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली.

"टेबलावर आहे," बाबा प्लेटमधून मान वर न काढता म्हणाले.

तिनं दीड कटलेट खाल्लं. बाबांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं अंगावर घेतलं. मधे फार काही बोलणं झालं नाही. एकदा आई म्हणाली, "तुम्हाला साहेब कुणी केलं नसतं," आणि बाबा म्हणाले, "म्हणून तर नाही केलं." मग तिनं काटा प्लेटमध्ये सरळ ठेवला. सुरी नव्हती, तरी साडेसहाच.

बाबांचे गुडघे सवयीनं हलले. खुर्ची मागे सरकली.

"बसा," आई म्हणाली.

"प्लेट..."

"ती आहे ना."

ती म्हणजे मी. मी उंबरा ओलांडला. आईच्या उजव्या बाजूला गेले आणि वाकले.

"उजव्या बाजूनं," बाबा म्हणाले.

"उजव्याच बाजूला आहे, बाबा."

निळ्या रेघेची प्लेट मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. आत नेऊन ओट्यावर ठेवली, दुसरी नेली, आणि नळ सोडून जरा वेळ तिथंच उभी राहिले. नळ सोडला तो आवाज व्हावा म्हणून. मग कस्टर्डचा डबा उलटा केला. बशीत हवालदार ताठ उभा राहिला.

पुडिंगच्या बशीशेजारी बाबांनी छोटा काटा मांडून ठेवला होता.

"कस्टर्ड काट्यानं?" आई म्हणाली. "सांडेल ना."

"आपलं सांडत नाही," बाबा म्हणाले. "दोन अंडी आहेत."

सोमवारी डॉक्टरांकडे वजन काही वाढलं नव्हतं. एका जेवणानं काय वाढणार? पण त्यांनी विचारलं, काही खाल्लं का, आणि मी काल दुपारचं सगळं सांगितलं. रविवारी संध्याकाळी काट्यानं पोहे खाल्ले, सोमवारी सकाळी काट्यानं उपमा, तेही सांगितलं. डॉक्टर खुश झाले. नळीसाठी भरायला काढलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "शाबाश माताजी! बाएँ हाथ से खाना सीख लिया!"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट एखाद्या पोरानं वर्गात चुकीची म्हणून दाखवावी, तसं.

"बाएँ हाथ से नहीं," ती म्हणाली. "काँटे से."

बाबा दारात उभे होते, मेमसाबच्या खुर्चीमागे उभे राहावं तसे ताठ. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.